उन्हात वाळवलेल्या पाट्या

अकोल्याच्या मे महिन्याबद्दल चांगलं बोलणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. बाकी सगळं गाव त्या दिवसांत खिडक्या लावून, ओले पडदे सोडून, कुलरसमोर आडवं होऊन पावसाची वाट बघतं. डॉक्टर मात्र थंडी सरली की मेची वाट बघायला लागायचे.

"एवढं ऊन आपल्याच वाट्याले काहून आलं, याचा कोणी विचार करत नाई," ते म्हणायचे. "लोकं नुसते घामेजून राहिले. वाया चाललं सगळं."

ते दाताचे डॉक्टर होते, पण मी त्यांना ओळखायला लागले तोवर त्यांनी दात बघणं सोडलं होतं. ते पाट्या करायचे. पाटी म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरच्या पोटात असते ती. तिच्यावर सगळे बारीक भाग बसवतात आणि कथलाचा डाग देऊन एकमेकांना जोडतात. तीही साध्या अँपची नाही; ज्यात जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह तापून नारिंगी होतात, त्या अँपची. असे अँप घरी बांधणारे वेडे लोक देशात विखुरलेले आहेत आणि त्यांतले बरेचसे पाटीसाठी अकोल्याच्या या दाताच्या डॉक्टरांना फोन करायचे. डॉक्टर फोन उचलायचे नाहीत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, उचलायच्या आणि म्हणायच्या, "मेमध्ये करा."

त्यांच्या गच्चीवर मेमध्ये दोन गोष्टी वाळत असत. एका बाजूला काकूंच्या कुरड्या आणि ज्वारीचे पापड, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांच्या पाट्या. जुन्या धोतराच्या एकाच कापडावर. तपकिरी पाट्या अशा ओळीनं मांडलेल्या असायच्या की नवख्या माणसाला तेही काहीतरी तळून खायचं वाटावं. एकदा वावटळ आली तेव्हा दोघंही वर धावले. डॉक्टरांनी सगळ्या पाट्या छातीशी धरून खाली आणल्या. पापड शेजारच्या गच्च्यांवर उडाले. काकू त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी फक्त माझ्यामार्फत बोलत होत्या. "त्याईले सांग, जेवाले वाढलं आहे."

माझं त्यांच्याकडे जाणं अमरावतीहून सुरू झालं. मी राजापेठेत एका ट्यूशन क्लासमध्ये फिजिक्स शिकवते आणि माझ्या मामांच्या गायन पार्टीत गिटार वाजवते. मामा भीमगीतं गातात. जयंतीच्या दिवसांत आम्ही गावोगाव फिरतो. हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि त्यांच्या शेवटी मी. माझा जुना अँप मोठा आवाज करायचा, पण तो आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा यायचा. मामांच्या गळ्याजवळ तो बसायचाच नाही. बाजूला उभा राहायचा.

मग एका नाताळात अमरावतीतल्या एका जुन्या चर्चमध्ये कोणाच्या तरी पाहुण्यानं आणलेला व्हॉल्व्हचा अँप मी ऐकला. त्या आवाजाला कड नव्हती. कोणीतरी तो आधी तळहातांत धरून गरम करावा आणि मग आपल्याकडे द्यावा, तसा तो येत होता. घरी येऊन मी ठरवलं की असा अँप आपण बांधायचा. जोडणीचा नकाशा मिळाला, व्हॉल्व्ह मिळाले, अडलं ते पाटीपाशी. परदेशातून मागवलेली पाटी आली ती मधोमध तडकून. इथे कोणी करून देतं का म्हणून विचारत फिरले, तेव्हा राजापेठेतला रेडिओ दुरुस्त करणारा म्हातारा म्हणाला, "अकोल्याले एक दाताचा डॉक्टर आहे. पण त्याच्याकडं गेल्यावर तोंड नको उघडू. तो कान पायते."

तो थट्टा करतोय असं मला वाटलं. पण तसं नव्हतं.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी माझ्या नकाशाकडे बघितलंच नाही. माझ्या कुर्त्याकडे बघितलं.

"खिसा नाई?"

"नाही."

"मंग पाटी नाई."

मी काकूंकडे बघितलं. काकू गव्हातले खडे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते सगळ्याईलेच असं म्हणतात. खिसा शिवून ये."

कारण नंतर समजलं. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये माणूस मरेल इतका विजेचा दाब असतो, बंद केल्यावरही काही वेळ राहतो. आत हात घालताना दुसरा हात खिशात असला तर करंटला छातीतून आरपार जायची वाट मिळत नाही. डॉक्टर याला नियम म्हणत नव्हते, सवय म्हणायचे. "दुसरा हात मोकळा राहिला का तो कुठं तरी टेकतेच. माणसाचा सोभाव आहे." राजापेठेतल्या शिंप्याकडून मी सगळ्या कुर्त्यांना, त्यांनी सांगितलं तसे, उजवीकडे खिसे लावून घेतले. ते अजून आहेत. मी डावरी आहे, हे डॉक्टरांनी मला न विचारता ओळखलं होतं.

पाटीचा माल त्यांनी कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधून मिळवला होता. तिथले जुने स्विचबोर्ड भंगारात निघाले, तेव्हा त्यांच्यामागचे बेकेलाइटचे जाड तपकिरी पत्रे कोणालाच नको होते. डॉक्टरांनी ते रिक्षात उभे घालून घरी आणले. ते म्हणायचे, हा पत्रा भरपूर वर्षं कापसाच्या धुळीत उभा राहून वीज अडवत होता, याला काही शिकवावं लागत नाही. पत्रा कापायचा, मेभर उन्हात ठेवायचा, की आतली सगळी ओल निघून जाईल. मग शेतातल्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या दुकानातलं लाल व्हार्निश लावायचं, पुन्हा वाळवायचं. मग भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात बुटाच्या नाडीला असते तशी पितळेची कडी ठोकायची. या कड्या ते बाळापूरहून आणायचे, चपला-बूट शिवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या एका दुकानातून. बाळापूर त्यांचं गाव. "पायातल्या वस्तू कानाच्या कामाले येतात," असं ते कडी ठोकता ठोकता म्हणायचे आणि स्वतःशीच खुश व्हायचे.

भोकं पाडायचं यंत्र पायानं चालवायचं होतं, शिलाई मशीनसारखं. वीज नसलेल्या काळात दातांचे डॉक्टर ते वापरत. खोलीत विजेवर चालणारं ड्रिल धूळ खात पडलेलं असताना हे पाय हलवत का बसतात, ते मला कळत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "ते लय बोलते."

पुरा अँप मात्र त्यांनी कधी कोणाला करून दिला नाही. फक्त पाटी. "पाटी म्हणजे वावर," ते म्हणत. "पेरायचं काय ते तुमी ठरवा. मी दुसऱ्याच्या वावरात पेरत नाई."

पण अँप बांधून झाला की तो त्यांना आणून दाखवायचा, ही अट होती. आणि दाखवायची पद्धत अशी, की मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा मामांनी मला दोनदा विचारलं, तू डॉक्टरकडेच गेली होतीस ना.

त्यांच्या दवाखान्याची खोली तशीच होती. पाठ मागे झुकणारी पेशंटची खुर्ची, वर दिवा, शेजारी चूळ भरायचं पांढरं भांडं. ते अँप भांड्याशेजारच्या टेबलावर ठेवायचे, गिटारची वायर काढून टाकायचे, आवाजाची कळ पूर्ण वर न्यायचे, खिडकीची झडप ओढून घ्यायचे आणि आणणाऱ्याला खुर्चीत आडवं करायचे. कुलर बंद. पंखा बंद. बाहेर मेची दुपार. सगळं अकोला झोपलेलं. झडपेच्या फटीतून उन्हाची एक पट्टी भिंतीवर यायची आणि अँपच्या पाठीमागून व्हॉल्व्हचा नारिंगी उजेड. मग ते स्टुलावर बसायचे, पेशंटला विचारावं तसं विचारायचे, "काही ऐकू येते काय?"

त्यांना हवं असलेलं उत्तर 'नाही' होतं. पाटी चांगली असेल तर गिटार न लावलेला अँप गप्प राहतो. घूं नाही, सळसळ नाही, चिरचिर नाही. पण तिथं पडल्यावर माणूस लगेच नाही म्हणू शकत नसे. इतक्या शांततेत आधी स्वतःचा श्वास ऐकू यायचा, मग रक्त, मग दूर कुठेतरी गच्चीवर टाकीत पडणारं पाणी. मग तेही विरघळायचं. आपण खुर्चीत आहोत का खुर्ची आपल्यात आहे, असं व्हायचं. मी एकदा त्या खुर्चीत झोपले आणि जागी झाले तेव्हा भिंतीवरची उन्हाची पट्टी छतापाशी गेली होती. डॉक्टर स्टुलावर तसेच बसलेले होते.

"झोप लागली म्हणजे चांगली आहे पाटी," ते म्हणाले. इतक्या हळू बोलले की मला वाटलं तेही झोपेतच बोलताहेत.

आणि हेच डॉक्टर हिवाळ्यात कुलर लावून बसायचे. पाणी न भरता, नुसता पंखा. पहिल्या पाटीची वाट बघत असताना मी डिसेंबरात एकदा गेले तर काकू स्वेटर घालून, शाल पांघरून त्या घरघरीत पेपर वाचत होत्या. वेड्यांच्या घरी एक गोष्ट समजून घेतली की दुसरी समोर येते, म्हणून मी विचारणं सोडून दिलं होतं.

माझी पहिली पाटी ज्या मेमध्ये झाली त्या मेमध्ये ऊन नीट पडलंच नव्हतं. अवकाळी आभाळ येऊन जाऊन होतं. डॉक्टर गच्चीवर उभे राहून वर बघायचे आणि पाट्या घेऊन खाली यायचे. तरी त्यांनी पाटी दिली. मी अँप बांधला, खुर्चीत आडवी झाले, काही ऐकू आलं नाही. सगळं छान होतं.

श्रावणात चांदूर रेल्वेला कार्यक्रम होता. चार दिवस पावसाची झड लागलेली, मंडपाखाली चिखल, कापडं दमट. मामांनी पहिलं गाणं सुरू केलं आणि माझा अँप तडतडायला लागला. तेलात मोहरी टाकल्यासारखा. मी हात काढून घेतला तरी तडतड चालूच. मामा गाताना माझ्याकडे बघायला लागले. मागे बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, त्या चांगल्या टाळ्या नव्हत्या. मी अँप बंद केला आणि उरलेला कार्यक्रम मांडीवर गिटार ठेवून बसून काढला. परतताना गाडीत मामा एवढंच म्हणाले, "बाई, तो जुना पत्र्याचाच बरा होता."

दुसऱ्या दिवशी मी अँप घेऊन अकोल्याला गेले. डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, अँप लावला. तडतड सुरू झाली.

"काय ऐकू येते?"

"काय म्हणजे? हेच."

"हेच म्हणजे कसं? जाडं का बारीक? थांबून थांबून का सारखं?"

मला आदल्या दिवसाचा राग होता. मी म्हणाले, "डॉक्टर, एवढा मोठा आवाज आहे. तुम्हीच ऐका ना."

ते अँपकडे बघत राहिले. काकू दारात येऊन उभ्या होत्या.

"त्याईले बारीक काही कळत नाई व," काकू म्हणाल्या. "त्याईच्या कानात शिट्टी वाजते."

"किती दिवसांपासून?"

"दवाखाना बंद केला त्याच्या आधीपासून. चोवीस घंटे."

मग डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, अँपचा खटका बंद करून, हात धुता धुता. आयुष्यभर पेशंटच्या तोंडाशी वाकून विजेचं ड्रिल चालवलं. ते ड्रिल ज्या बारीक आवाजात किंचाळतं तो आवाज एक दिवस घरी आला. "मले वाटलं कुकरची शिट्टी आहे. मी हिच्यावर ओरडलो, गॅस बंद कर म्हणून. तं गॅस बंदच होता." कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध नाही, सवय करा. कुलरच्या घरघरीत ती थोडी बुजते. शांत खोलीत मात्र तीच ती असते. त्यांनी दवाखाना बंद केला.

"मग शांत अँप कशाला करता तुम्ही?" मी विचारलं. "तुम्हाला तर ते ऐकूच येणार नाही."

त्यांनी टॉवेलला हात पुसले. "म्हणूनच तं. माह्या कानात नाई तं नाई, कुठं तरी तं शांतता झाली पायजे ना बेटा. झाली का नाई ते कोणी तरी मले सांगाव."

खोलीत पाऊस ऐकू येत होता. मला कळलं की त्या खुर्चीत पडून आम्ही सगळे काय करत होतो. मी डोळे मिटले, त्यांना म्हणाले लावा पुन्हा, आणि मग मी ती तडतड त्यांना नीट सांगितली. बारीक आहे. थांबून येते. आधी एकटी, मग दोन-तीन जवळजवळ, मग काही वेळ काहीच नाही. ते मान हलवत ऐकत होते, दुखणं कुठे आहे ते ऐकावं तसे.

"ओल धरली पाटीनं," ते शेवटी म्हणाले. "आभाळ होतं तवा. माहीच घाई झाली. मेमध्ये ये, दुसरी देतो."

मी त्या मेची वाट बघितली. तोवर मामांच्या मागे पत्र्याचाच आवाज वाजवला. लोक मला विचारायचे, दुसरीकडून का नाही करून घेत. मी म्हणायचे, मेमध्ये होईल.

आता डॉक्टर पाट्या करत नाहीत. गुडघे जिना चढू देत नाहीत. उरलेले पत्रे त्यांनी मागेल त्याला दिले, पायाचं यंत्र त्यांच्या नागपूरच्या मुलीकडे गेलं आणि तिनं त्यावर फुलदाणी ठेवली आहे. माझी दुसरी पाटी अजून चालते. मामांच्या गळ्याजवळ ती आता बसते. एखाद्या गाण्यात तर ते माझ्या स्वरावर टेकून दम घेतात. पावसात वाजवलं, थंडीत वाजवलं, तिनं कधी तोंड उघडलं नाही. ती पाटी बसवली त्या दुपारचं सांगायचं राहिलं.

पाटी बसवून झाल्यावर नेहमीसारखी मी खुर्चीत आडवी झाले, त्यांनी विचारलं, मी नाही म्हणाले. ते उठायला लागले. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "डॉक्टर, तुमची शिट्टी कोणत्या स्वरात वाजते?"

ते परत बसले. "हे कोणी इचारलं नाई मले."

मी गिटार जोडली. वरच्या स्वरांकडे जायला लागले. ते मान हलवायचे, अजून वर. गिटारचे पडदे संपले. मग मी तारेला नुसतं बोट टेकवून, पडद्यांच्याही पलीकडे, तिच्यातून बारीक बारीक आवाज काढायला लागले. अजून वर. अजून. आणि एका जागी त्यांनी हात वर केला.

"हेच."

गिटार अँपच्या तोंडाजवळ नेली की दोघं एकमेकांना धरून ठेवतात आणि स्वर मरत नाही. मी ती तशीच धरली. तो काचेसारखा बारीक स्वर खोलीत उभा राहिला. त्यात गोडवा काही नव्हता, पण त्याला ऊब होती. डॉक्टर डोळे मिटून बसले होते. उन्हाची पट्टी त्यांच्या गुडघ्यावर होती. हात भरून येईपर्यंत मी धरून ठेवला आणि मग तारेवर तळवा टेकवला.

डॉक्टरांनी डोळे उघडले. डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, घरात कोणी आलंय का बघावं तसं.

"थांबली," ते म्हणाले.

बाहेर कुठेतरी होला घुमत होता. त्यांनी त्या दिशेनं मान वळवली. अँपकडे बघितलं, त्याच्यावर हात ठेवला, तो खरंच चालू आहे का ते पाहिलं. तेवढ्यात इतका वेळचा आवाज एकदम बंद का झाला म्हणून काकू दारात आल्या.

"काय झालं?"

"बोल," डॉक्टर म्हणाले. "काही तरी बोल तू."

"काय बोलू?"

"काईबी. लवकर बोल."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. शाळेत आयुष्यभर मुलींना मराठी शिकवलेली ती बाई, तिला काही सुचेना. पदराला हात पुसले.

"चहा ठेवू काय?" त्या म्हणाल्या.

डॉक्टर ऐकत होते. मी कोणालाही कधी इतकं ऐकताना बघितलेलं नाही. ते शब्द संपल्यावरही ते त्यांच्या मागं जात राहिले, आणि काकू तिथेच उभ्या, बांगड्या हलू नयेत म्हणून हात धरून. मग डॉक्टरांच्या कपाळावर ती ओळखीची आठी हळूहळू परत आली.

"आली," ते म्हणाले.

"येऊ द्या," काकू म्हणाल्या. "आलं टाकू का नुसता करू?"

"टाक," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.